कच्च्या-पक्क्या शंभर पेशी

हॉस्पिटलच्या लॅबमधली चष्मिश दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून पांढऱ्या पेशी मोजायची. पक्की दिसली की एक बटण, कच्ची दिसली की दुसरं; शंभर भरल्या की यंत्र 'टिंग' करायचं. 'चष्मिश' हे नाव तिच्या दादानं ठेवलेलं. डबा द्यायला आला की दारातूनच गळा काढायचा, "एऽऽ चष्मिश, माझ्या रक्तात अक्कल किती, ते बघ की गं!"

आता तो गप्प होता. कारखान्यात बॉयलरचा भडका उडाला, छाती-हात भाजले. आठ दिवस याच हॉस्पिटलात, घशात श्वासाची नळी. चष्मिश वॉर्डच्या काचेबाहेर उभी राहायची, कान नुसते त्या हाकेसाठी आसुसलेले.

इतकं भाजलं की पांढऱ्या पेशींची त्रेधातिरपीट उडते. आधी भसाभस वाढतात, मग एकदम घटतात, पुन्हा उसळतात. धावपळ मोठी, पण जखमेपाशी धड पोचणाऱ्या थोड्या. पक्क्या पुरेनात की शरीर कच्च्यांनाच पिटाळतं. त्या फार वाढल्या की डॉक्टरांना जंतूंचा संशय येतो.

घरच्या माणसाची स्लाइड आपण मोजायची नाही, हा लॅबचा दंडक. नवव्या दिवशी तिनं तो मोडला. टिंग. कच्च्या फक्त बारा! तिचा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या टेबलावरचे काका, लॅबमधले सगळ्यांत जुने. त्यांनी स्लाइड ओढून घेतली. टिंग. कच्च्या चौतीस.

"बाई माझे," काका नाकात बोलले, "आतलं केंद्रक अजून अखंड आहे, अन् हिला ती पक्की वाटते! चष्म्यावर माया चढलीय तुझ्या. पूस आधी."

"मला वाटलं, काका..."

"वाटायचं ते घरी. इथं मोजायचं."

वॉर्डला फोन तिनंच केला. 'चौतीस,' तिनं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं.

बाराव्या दिवशीची स्लाइड आली तेव्हा ती हात मागे बांधून काकांच्या पाठीशी उभी होती.

"बटणाला बोट लावशील तर याद राख," काका म्हणाले आणि पुटपुटू लागले, "पक्की... पक्की... कच्ची... पक्की..." टिंग. "अठरा. उतरतायत."

तरी ती जागची हलेना. तेव्हा काकांनी मान वर करून गळा काढला, "एऽऽ चष्मिश, जा की गं!"

हेल थेट दादाचा, आवाज काकांचा. ती खुदकन हसली, आणि डोळे भरून आले. तशीच धावत वॉर्डपाशी गेली. नळी अजून होतीच. तिनं काचेला कान लावला.