उंटाचं रक्त आणि माझी सही

गेल्या सोमवारी हडपसरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निकाल लागला... मागच्या मोकळ्या प्लॉटवरच्या उंटाला मालक उपाशी ठेवतो, शनिवारी एका संस्थेची गाडी येऊन त्याला घेऊन जाणार. सेक्रेटरींनी ठरवलं, बाकीच्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. भूतदया झाली.

उंट लाखाभाईंचा. मूळचे कच्छचे, पण बरीच वर्षं इथेच आहेत. वाढदिवसांना मुलांना फिरवतात, वरातीत जातात. तेवढंच पोट.

उंट खंगला होता हे खरं. पण समोर चारा तसाच पडलेला असायचा, मला बाल्कनीतून रोज दिसायचा... उपाशी मारणारा माणूस चारा कशाला टाकेल?

जनावरांचं रक्त तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. रिटायर झाले तरी मायक्रोस्कोप घरात आहे. मला शंका आली सर्राची. माश्या चावून हा आजार पसरतो, रक्तात परजीवी होतात आणि जनावर वाळत जातं.

मंगळवारी ओळखीच्या तरुण व्हेटने रक्त काढून दिलं. मी ताजा थेंब काचेवर घेऊन पाहिला... काही नाही. कागदावर 'निगेटिव्ह' लिहून, सही करून तो लाखाभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो विश्वासाने सेक्रेटरींना दाखवला.

संध्याकाळी माझ्या सहीचा फोटो ग्रुपवर! खाली ओळ, 'आजार नाही, म्हणजे उपासमारच.' माझा संताप झाला, पण सही माझीच होती.

बुधवारी सकाळी लाखाभाई दारात. हातात ओल्या मातीचा गोळा, उंटाने जिथे लघवी केली होती तिथली माती. "सूंघो, मॅडम. हमारे में ऐसे ही पहचानते हैं. बीमारी है."

कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी आम्हाला हात स्वच्छ ठेवायला शिकवलं होतं, असले गोळे नाकाशी न्यायला नाही. तरी वास घेतला. म्हटलं, "अहो, मला नुसता उंटाचाच वास येतोय."

"आप की नाक पढ़ी-लिखी है," ते शांतपणे म्हणाले. "कल बुखार नहीं था. बुखार में देखो."

त्यांचं बरोबर होतं. हे परजीवी रक्तात रोज सापडत नाहीत, ताप चढतो तेव्हा दिसतात. एका निगेटिव्हवर विसंबू नका, हे मी ज्युनियर्सना ओरडून सांगत आले... आणि ताप आहे का, एवढं साधं मी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ताप चढला. व्हेट आला, मी वॉचमनच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला. लाल पेशींना ढकलत काहीतरी बारीक, शेपटीवालं वळवळत होतं. एक, दोन... मग मोजणं सोडलं.

लाखाभाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. उठून उंटाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

इंजेक्शन दिलं. मी ग्रुपवर लिहिलं, 'उंटाला सर्रा आहे. माझा पहिला रिपोर्ट चुकला, मालक नाही. गाडी रद्द करा.' सेक्रेटरींचं उत्तर आलं, 'नोटेड, मॅडम.' माफी मागण्याचं मात्र कुणीच नोट केलं नाही. मग मीच प्लॉटवर जाऊन मागितली.

काल उंटाने चाऱ्याला तोंड लावलं. लाखाभाईंनी मला पुन्हा एकदा माती हुंगायला दिली. मला अजूनही त्यात काही कळत नाही... पण आता तसं सांगताना माझा आवाज जरा खाली असतो.