शेपटीचा बिल्ला

मेलेले उंदीर गोळा करणं ही माझ्या बाबांची पालिकेतली नोकरी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. प्लेगच्या त्या दिवसांत गोदीमागच्या गल्ल्यांत त्यांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि ते दिसले की जो तो दार लावून घ्यायचा.

उंदीर चिमट्याने उचलायचा, रॉकेलात बुडवायचा, शेपटीला पत्र्याचा बिल्ला बांधायचा आणि प्रयोगशाळेत पोचवायचा. बिल्ल्यावर घराचा नंबर खिळ्याने कोरलेला. उंदरात प्लेग निघाला की ते घर रिकामं करून धुऊन काढायचे आणि माणसं गावाबाहेर, पत्र्याच्या छावणीत. म्हणून लोक गुपचूप आपला उंदीर शेजाऱ्याच्या दारात टाकायचे. असाच एक उंदीर बाबांनी शिंप्याच्या नंबरावर दिला. बिचारा शिंपी बायकापोरांसकट छावणीत गेला. उंदीर होता वाण्याचा. वाण्याची दोन पोरं आठवड्याच्या आत दगावली. तेव्हापासून बाबांनी कानाला खडा लावला: उंदीर कुठला ते कळल्याशिवाय बिल्ला बांधायचा नाही.

आणि एका सकाळी आमच्याच चुलीमागे उंदीर निघाला. मी तेव्हा आईच्या पोटात, दिवस भरत आलेले. बाळंतपणासाठी आलेली मावशी म्हणाली, "भावोजी, द्या गटारात फेकून. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," बाबा म्हणाले.

आईचा पारा चढला. "छावणीत बाळंत होऊ मी? परक्या माणसांत?"

"इथे राहिलो तर वाण्याच्या घरासारखं होईल."

"आणि तिथे माझं काही बरंवाईट झालं तर?"

बाबा खाली बसून बिल्ला कोरू लागले, पण खिळा सारखा घसरायचा. आईने वाकून बिल्ला पाहिला.

"अहो, हे एकतीस आहे की एकोणचाळीस? परत भलत्यालाच घराबाहेर काढाल. आणा इकडे." आणि तिने नवा बिल्ला घेऊन आमचा नंबर ठळक कोरला.

उंदरात प्लेग निघाला. नवव्या दिवशी छावणीत माझा जन्म झाला. त्या तापलेल्या पत्र्यांवरून आईने बाबांना जन्मभर टोमणे मारले. पण दुसरं कुणी म्हणालं, "नवऱ्याने नेलं हो बिचारीला तिथे," की तिचं डोकं फिरायचं.

"त्यांनी कुठलं नेलं," ती म्हणायची. "नंबर मी कोरला."