सावडीचा बोकड

इसमाचे नाव पुंजाजी, राहणार धनज, तालुका कारंजा. व्यवसाय शेतमजुरी, प्रासंगिक व्यवसाय यकृत पुरवठा. सदर इसम एका जिवंत व निरोगी यकृताचा कायदेशीर धनी असून ते त्याने स्वखुशीने, चार दिवसांच्या बोलीवर, दवाखान्याच्या आवारात हजर केले आहे.

यकृत बोकडाच्या पोटात होते आणि बोकड विजयमाला सिस्टरांचा पदर खात होता.

साल चौऱ्याहत्तर. पुंजाजीची बायको केशरबाई काविळीने बेशुद्ध पडली होती. गावच्या जाणत्याने तिच्या डोक्यावर मंतरलेली माळ ठेवली. माळ कबूल केल्याप्रमाणे लांबत पायापर्यंत उतरली. कावीळ मात्र वर मेंदूत चढली, तेव्हा कुठे तिला दवाखान्यात आणले.

"यकृत बंद पडलंय," डॉक्टर हळहळले. "आपलं आपण सावरलं तर सावरलं. परदेशात अशा वेळी डुकराचं यकृत नळ्यांनी बाहेरून जोडतात, रोग्याचं रक्त त्यातून फिरवतात. त्यातल्या जिवंत पेशी चार दिवस काम ओढून नेतात."

पुंजाजीला हे लगेच कळले. आपला बैल लंगडला की शेजाऱ्याचा चार दिवस जुंपायचा, मग चारा-पाणी करून परत द्यायचा. ही तर सावड! गोऱ्यांनाही ती ठाऊक आहे, एवढेच काय ते नवल. तो तडक घरी गेला आणि बोकड घेऊन आला.

"डुकराचं तिले चालत नाई, सायेब. हा घरचा हाये. काम झालं का सोडून द्या. चारा आणला मी."

"अरे बाबा, ते यंत्र इथं नाही. आणि यकृत काढलं की बोकड चालत घरी जात नसतो."

"म्हंजे थो मरते?"

"मरतो."

"मंग सावड कायची?" पुंजाजीने बोकडाकडे पाहिले, खाटेवरच्या बायकोकडे पाहिले आणि दावे डॉक्टरांपुढे धरले. "तरी घ्या."

"हा दवाखाना आहे का कोंडवाडा?" सिस्टर पदर सोडवत ओरडल्या. "बाहेर बांधा त्याला!"

त्याने बोकड वॉर्डाच्या खिडकीखाली बांधला. बोकड दोन दिवस ओरडला. पुंजाजी दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या सकाळी केशरबाईने डोळे उघडले. "सावरलं," डॉक्टर म्हणाले, आणि कसे ते कोणी विचारायच्या आत पुढच्या खाटेकडे वळले.

"बोकड काहून ओरडून राह्यला?" केशरबाईचा आवाज खोल गेला होता. "पाणी पाजलं का त्याले?"

"तुह्याचसाठी देऊन राह्यलो होतो त्याले."

"मले इचारलं होतं?"

पुंजाजी बोकडाला पाणी पाजायला उठला. बोकड केशरबाईचा होता.