ब्रेकची परीक्षा आणि भरीत

बाळांनो, तुमच्या आजोबांनी एकदा लष्कराच्या लिलावातून जुनी जीप घेतली. ती पळायची उत्तम, थांबायची मात्र स्वतःच्या मर्जीने. तेव्हा आम्ही धुळ्याला होतो. आग्रा रोडवरच्या एका मिस्तरीने तिच्या ब्रेकचे चारही ड्रम उघडले आणि चाकाला आतून घासून गाडी थांबवणारे, झिजलेले लायनर काढून नवे ठोकून बसवले. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लायनर बसवलेला प्रत्येक ब्रेक शू तो कानाशी धरून, बोटाने वाजवून बघायचा, बाजारात आपण नारळ बघतो तसा.

काम झाल्यावर त्याने आपली शिदोरी बरीच पुढे, रस्त्यावर डाव्या चाकाच्या वाटेत ठेवली. फडक्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, एवढंच त्याचं दुपारचं जेवण होतं.

"गाडी थांबली तर जेवीन," तो म्हणाला. "अक्का चालवतील. साहेब कशालाच घाबरत नाहीत, त्यांना ब्रेकचं काय कळणार?"

माझ्या भित्रेपणावर इतका विश्वास त्याआधी कोणी टाकला नव्हता.

मी वेग धरला आणि जीव खाऊन ब्रेक दाबला. जीप शिदोरीच्या वीतभर अलीकडे थांबली. अंतर बघायला आजोबा आनंदाने उडी मारून पुढे धावले, ते थेट भरितात थांबले.

मिस्तरीने आधी त्यांच्या बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि थेट आपल्या अहिराणीवर आला.

"ब्रेक बेस शे, अक्का. आते साहेबले लायनर बसाडनं पडी."

आजोबांनी बूट पुसला आणि त्याला आमच्याकडे जेवायला घेऊन आले. जीप मीच चालवली.