एका फळीचे चाळीस तुकडे

आमच्या साडूंइतका चिक्कू माणूस माळव्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतका लाडका जावईही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावल्या, याचा विचार करत मी देवासात अर्धी हयात जळण्यात घालवली. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे ते यजमान, मूळचे धारचे. धंदा माझाच, सुतारकीचा. देवासात तेव्हा दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती; त्यांचं दुकान धाकट्या पातीच्या हद्दीत, माझं थोरल्या पातीच्या. पुढे संस्थानं विलीन झाली, दोन्ही पात्या एक झाल्या, पण आमच्यातली सरहद्द मी काही मोडू दिली नाही.

साडूंच्या दुकानात केर नावाची वस्तूच नव्हती. करवत चालायच्या आधी खाली जुनं धोतर अंथरलं जाई आणि सगळा भुसा त्यावर पडे. जाडा भुसा शेगडीत ठासायचा. शिसवीचा बारीक भुसा डबीत भरायचा, पत्र लिहिलं की शाई टिपायला त्यातली चिमूट. कडुनिंबाच्या ढलप्या डासांसाठी धुराला, सागाचे तुकडे खुंट्यांना, खुंट्यांतून उरलेले पाचरींना, आणि ज्याची पाचरसुद्धा होणार नाही त्यानं दात कोरायचे. जेवताना टोपीवरचा भुसा आमटीत पडला तर आधी तो कोणत्या लाकडाचा ते सांगत, मग आमटी पीत. एकदा मी गाठींनी भरलेला बाभळीचा ओंडका चुलीकडे ढकलला, तर पोटचं पोर ओढून घ्यावं तसा त्यांनी तो उचलला. मला ते माळवी थाटात भिया, म्हणजे भाऊ, म्हणत. "अरे भिया, इसमें अभी जान है! फेकता काय असं?" त्या ओंडक्याची त्यांनी चार लाटणी केली, आणि त्यातलं एक माझ्याच बायकोला भेट दिलं! त्या लाटण्यानं ती रोज पोळ्या लाटायची आणि रोज म्हणायची, "धाकटीकडे बघा जरा. सरपण म्हणून विकत आणावं लागत नाही तिला."

माझ्या दुकानातला केरही तेच नेत. दर शनिवारी हातगाडी घेऊन यायचे, झाडूसुद्धा स्वतःचा आणायचे. फुकटात झाडलोट होते आहे म्हणून मी मनातल्या मनात हसायचो.

आमचे सासरे थोरल्या पातीचे दरबारी सुतार. त्यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. त्यांचा शिसवीचा रंधा म्हणजे घरातला देवच. मी लग्नाआधी त्यांच्याकडे काम शिकलो, तेव्हा माझा हात हातात धरून त्यांनी पहिल्यांदा रंधा चालवायला शिकवला, तो हाच. म्हातारपणी हात थरथरू लागले तेव्हा ते म्हणाले, "यंदा खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेसाठी दोघंही एकेक चौरंग करून आणा. ज्याचा मनास येईल, त्याला रंधा." मला जन्मात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

साडू चौरंग तुकड्यांचाच करणार आणि सासरे त्यावरच भाळणार, हे उघड होतं. मग मीही तुकड्यांचाच करायचं ठरवलं. दुकान पालथं घातलं, तर बोटभर तुकडा सापडेना! सगळे शनिवारच्या हातगाडीतून गेलेले. शेवटी मी दार लावून घेतलं आणि एका अखंड, निर्दोष सागवानी फळीचे चाळीस तुकडे केले. असला गाढवपणा आमच्या सात पिढ्यांत कोणी केला नसेल. तेच तुकडे उलटसुलट लावून पुन्हा सांधले, आणि खरं सांगतो, सांध्यात नख शिरत नव्हतं.

खंडेनवमीला दोन्ही चौरंग शेजारी शेजारी मांडले. साडूंच्या चौरंगात साग, शिसव, बाभूळ, आंबा, सगळं गणगोत जमलं होतं. सासऱ्यांनी माझा चौरंग डोळ्यांजवळ नेला, त्यावरून अंगठा फिरवला.

"थोरले जावई," ते म्हणाले, "हे तुकडे सगळे सख्खे भाऊ दिसतात. इथं तुटलेली रेघ त्या कोपऱ्यात पुढं चालू लागलीय. चांगली फळी चिरलीत होय?"

तेवढ्यात साडू म्हणाले, "नाही बाबा, फळी मधोमध तडकलेली होती. मीच म्हटलं भियांना, फेंको मत, तुकडे करून लावा."

लाकडाबद्दल कधी खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. सासऱ्यांना ते कळलं, आणि त्यांना कळल्याचं मलाही कळलं. रंधा साडूंना मिळाला. तो गेल्याचा राग होताच. पण खोटं बोलण्यातसुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा मोठा निघाला, याचा जास्त आला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला आले, ते रंधा फडक्यात गुंडाळून घेऊनच. "भिया, एकदा चालवून बघा. तुमचा हात बसलाय याच्यावर." मी म्हणालो, "सणाचा मी काम करत नाही." पुढल्या दसऱ्याला पुन्हा आणला, तेव्हा माझा खांदा दुखत होता. त्याच्या पुढल्या दसऱ्याला गिऱ्हाईक बसलं होतं. ते आणत राहिले आणि मी सबबी शोधत राहिलो.

गेल्या पावसाळ्यात साडू गेले. तेराव्यानंतर मेहुणी स्वतः येऊन रंधा माझ्या ठोकळ्यावर ठेवून गेली. "त्यांनी सांगून ठेवलं होतं," एवढंच म्हणाली. आता तो माझा आहे. पातं पाजळून ठेवलंय, फळीही लावून ठेवलीय, आणि हात पुढे होत नाही. ते समोर उभे होते, तेव्हाच चालवायला हवा होता.