हिंमतचं बरोबर होतं

हिंमत गेल्याचं मला त्याच्या दहाव्यानंतर कळलं. पारोळ्याहून येताना बसमध्ये, एका तिऱ्हाइताकडून. त्याच्या घरच्यांनी मला निरोप का धाडला नसेल, हे मी कुणाला विचारलं नाही… मला ठाऊक होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धुळ्यात हिंमतचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, वसंता बँकेत होता, मी शाळेत गणित शिकवायचो. रविवारी सकाळी हिंमतच्या दुकानातल्या बाकावर बसून आम्ही कोडी सोडवायचो. फाशांची, पत्त्यांची, शक्यतेची. वाद झाला की निकाल माझा, आणि चुकलेल्याने कान धरून ‘चुकलो’ म्हणायचं.

एकदा वसंताने तीन कप पालथे घातले, एकाखाली शेंगदाणा. हिंमतने एक निवडला. उरलेल्या दोनांतला रिकामा कप वसंताने उचलून दाखवला. “आता आहे तोच ठेवतो, की बदलतो?” मी म्हणालो, दोनच उरले, अर्धी-अर्धी शक्यता, बदलून फरक नाही. हिंमत मान हलवत राहिला. “नही भाऊ, बदलाले जोयजे. पहिले मी आंधयाना मायेक निवडा. यानी मात्र दखीसन उचला.” त्याचं म्हणणं, त्याने आंधळ्यासारखा निवडला होता, वसंताने मात्र बघून रिकामाच उचलला.

“पंक्चर काढता काढता डोक्यातली हवा गेली का रे तुझी?” वसंता हसला. मीही हसलो. निकाल दिला. आठवी शिकलेल्या हिंमतने कान धरले.

त्या संध्याकाळी मी घरी बायकोला समोर बसवून तेच साठ वेळा करून पाहिलं. जवळपास चाळीस वेळा बदलणाराच जिंकला. हिंमतचं बरोबर होतं. मी नोंदींचा कागद फाडला.

पुढच्या रविवारी त्याने हळूच विचारलं, “भाऊ, घर करी दखं का तू?”

“त्यात करून काय बघायचं? अर्धं-अर्धंच.”

तो पान्हा घेऊन उठला. त्यानंतर बाकावरची बैठक मोडली. रस्त्यात भेटला तर मला ‘सर’ म्हणायचा.

परवा त्याच्या घरी गेलो आणि हे सगळं वहिनींना सांगून टाकलं, इतक्या वर्षांनी. “त्यासले ठाऊक व्हतं. तुमनी बायकोनी माले तवयच सांगेल व्हतं, साठ दाव करा म्हनीसन.”

म्हणजे त्याने विचारलं तेव्हा त्याला उत्तर नको होतं. मी खरं बोलतो का, एवढंच बघायचं होतं.

“रविवारले दहापावत दुकान उघाडेत नहीत,” त्या म्हणाल्या. “आंघोय करीसन ओट्यावर बसेत. म्हनेत, भाऊ येई. दोन वरीस बसनात.”

तो ओटा वाचनालयाच्या वाटेवरच आहे. त्या दोन वर्षांत दर रविवारी मी वाचनालयात जायचो… मारुतीच्या देवळामागून, लांबचा फेरा घेऊन.