मामांचा गूळ, विहीणबाईंचा कापूर

माझ्या बायकोच्या मामांना एका जागी स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मानपाड्याच्या एका रंगांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून त्यांनी सगळी नोकरी उभ्याने काढली आणि निवृत्तीनंतरही ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत ते चहाचा कप हातात घेऊन येरझारा घालतात. कारखान्यात देशभरातली माणसं होती. त्यांच्याकडून मामांनी म्हणी गोळा केल्या. रिक्षात बसले की कुठे जायचं ते राहतं बाजूला, आधी विचारतात, "गाव कुठलं भाऊ? तुमच्याकडे 'नाचता येईना अंगण वाकडं' याला काय म्हणतात?" एकदा नौपाड्यात डोळे तपासायला गेले, तर दवाखान्यावरून दोनदा पुढे गेले, कारण रिक्षावाला जौनपूरचा निघाला. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीचा विषय निघाला आणि कंत्राटदार म्हणाला, मूळ स्लॅबचाच उतार चुकलाय. मामा ताडकन उठले. "कानडी माणसाची जमीन वाकडी, तेलुगू माणसाचा मृदंग फुटका आणि तुमचा उतार चुकलेला! छान!" सभा पोट धरून हसली. गच्ची अजून गळते.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने ऑफिसातला चेन्नईचा मुलगा पसंत केला. मामा खूश झाले, मामी मात्र धास्तावल्या. "त्यांचे आईवडील येतील तेव्हा यांच्या तोंडाला कुलूप लावा हो जावईबापू," त्या मला म्हणाल्या. मी तरी कुठून लावणार? पाहुणे आले. मराठी फक्त मुलाला येत होती, तोच दुभाषी. त्याच्या आईने घरून आणलेल्या पावडरीची कॉफी स्वतः मामींच्या स्वयंपाकघरात जाऊन केली. मामा जन्माचे चहाबाज. एक घोट घेऊन अगदी नम्रपणे म्हणाले, "आम्हाला काय कळणार यातलं? गाढवाला गुळाची चव काय!" नेमकी त्याच क्षणी मुलाच्या वडिलांनी कॉफीत आणखी साखर मागितली होती. मुलगा गडबडला आणि तमिळमध्ये "गाढव... गूळ..." एवढंच पुटपुटला.

वडिलांनी कप खाली ठेवला. आई नवऱ्याकडे बघायला लागली, लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामी आत गेल्या त्या बाहेरच येईनात. मामांनी खोलीत तीन-चार फेऱ्या मारल्या, मग विहीणबाईंसमोर उभे राहून स्वतःच्या छातीवर थापा मारत ओरडले, "गाढव मी! मी!" बाईंचा चेहरा उजळला. "कळुदैक्कु तेरियुमा कर्पूर वासनै?"

"गाढवाला कापराचा वास काय कळणार, असं आमच्यात म्हणतात," मुलाने घाम पुसत सांगितलं.

"कापूर!" मामांचा आवाज चिरकला. "अगं ऐकलंस का, यांच्याकडे कापूर आहे! इतक्या वर्षांत एकाही तमिळ माणसाने मला सांगितलं नाही!" मुलाचे वडील ठसका लागेपर्यंत हसले. लग्नाची तारीख त्याच बैठकीत ठरली.

त्यालाही आता वर्ष होईल. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा लेकीचा चेन्नईहून फोन आला होता. इकडची तिकडची चौकशी चालली होती, तेवढ्यात पलीकडून तिला कुणीतरी हाक मारली आणि ती पटकन काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस गं?" मामांनी विचारलं.

"काही नाही हो बाबा. सासूबाईंना म्हटलं, 'इदो वरेन'. आलेच म्हणून."

मामांच्या येरझारा थांबल्या. ती काही म्हण नव्हती, की तिच्या जोडीला मराठी नाहीतर कानडी सांगावी. लहानपणी खाली अंगणात खेळताना हाक मारली की ती जे ओरडायची, तेच ती आता दुसऱ्या घरात, दुसऱ्या भाषेत ओरडत होती.

"पुन्हा म्हण ना," ते हळूच म्हणाले.